शंकाकाकू

मागच्या बाकावरून पुन्हा हात वर झाला आणि अख्ख्या वर्गानं सुस्कारा सोडला.

"बोला काकू," सर म्हणाले आणि खडू खाली ठेवला. काकूंचा हात वर झाला की खडूला बराच वेळ काम नसतं, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

"सर, 'या खोलीतले सगळे हत्ती निळे आहेत' हे विधान खरं कसं? खोलीत तर एकही हत्ती नाही."

"नीट बघा काकू, तुमच्याच बाकाखाली असेल," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला. काकूंच्या पुढच्या बाकावरचा मुलगा मात्र हसला नाही. त्यानं मान इतकी खाली घातली, की नाक वहीला टेकलं.

काकू त्याची आई होती. वर्गात हे दोघांनाच ठाऊक होतं: त्याला आणि तिला.

लग्नात सुटलेली पदवी पुरी करायचं आईच्या मनात बरीच वर्षं होतं. मुहूर्त तिला नेमका यंदा सापडला. विषय नेमका विविक्त गणित, म्हणजे संच आणि तर्काचं गणित, आणि वर्गही नेमका हाच. हा विषय म्हणे पदवीची पहिलीच पायरी. मुलगा गेल्या खेपेला तिच्यावरूनच घसरला होता. आता पुन्हा घसरला तर विद्यापीठ त्याचं नाव कायमचं काढून टाकणार होतं. अशा वेळी माणसाला आईचा आधार हवा असतो, पण घरी. वर्गात नव्हे.

"एक अट आहे," पहिल्याच दिवशी जिना चढताना त्यानं बजावलं होतं. "वर्गात तू माझी कुणी नाहीस. शेजारी बसायचं नाही, हाक मारायची नाही."

"बरं. मागे बसू?"

"बस कुठेही."

"आणि डब्याचं काय? जे माझे कुणी नाहीत त्यांना मी डबा देत नाही."

डबा अटीतून वगळण्यात आला.

सर विद्वान होते, त्यामुळे त्यांचं बोलणं फारसं कुणाला कळत नसे. उजव्या हातानं लिहायचे, डाव्या हातानं पुसत जायचे आणि मधेच वळून विचारायचे, "समजलं?" मग सगळ्या माना एकदम हलायच्या. मुलाची सगळ्यात जोरात. एखादी गोष्ट डोक्यावरून गेली, की पेनाला टोपण लावून ते वहीवर शिस्तीत आडवं ठेवायचं, ही त्याची शाळेपासूनची सवय. बघणाऱ्याला वाटावं, गड्याचं सगळं लिहून झालं.

त्या दिवशीही टोपण लावून झालं होतं.

"काकू, हे विधान खोटं पाडायचं असेल," सर म्हणाले, "तर निळा नसलेला एक हत्ती मला इथे आणून दाखवा."

"कुठून आणू?"

"नाही ना आणता येत? मग विधान खोटं नाही."

"अस्सं!" हे मुलाच्या तोंडून निघता निघता राहिलं. टोपण निघालं. पेन भराभर चालू लागलं.

दुसऱ्या आठवड्यात काकूंना रिकामा संच कळेना. पुढे गणिती विगमन ही सिद्धतेची रीत आली, तर काकू म्हणाल्या, "सर, जे सिद्ध करायचंय तेच तुम्ही आधी मानून घेताय. हे म्हणजे चोरालाच जामीन ठेवल्यासारखं झालं." यावर सरांना तासभर बोलावं लागलं. वर्गानं त्यांना 'शंकाकाकू' ही पदवी दिली. विद्यापीठाच्या पदवीपेक्षा ती बरीच लवकर मिळाली.

घरी आई भाजी चिरताना विचारायची, "जड जातंय का रे?"

"छे! अगदी सोपंय."

"मला तर बाई काही उमगत नाही."

"ते दिसतंच आहे," तो म्हणायचा आणि ताट पुढे ओढायचा.

परीक्षेत हत्तींच्या जागी पक्षी आले होते. पहिला प्रश्न वाचला आणि मुलाला काकूंचा आवाज ऐकू आला. दुसरा वाचला, पुन्हा तोच आवाज. कोपऱ्यातलं खिदळणंही आठवलं, आणि त्यामागून सरांचं उत्तर, शब्दाला शब्द. तीन तास पेनाचं टोपण खिशातच राहिलं.

निकाल लागला. तो पास झाला, तोही चांगल्या गुणांनी. फलकासमोर उभा राहून त्यानं मनाशी कबूल केलं, की हे यश शंकाकाकूंच्या मंद बुद्धीचं आहे. त्या बिचारीचं काय झालं असेल? "पुढच्या वेळी बघू, मी शिकवतो तुला," असं काहीतरी जुळवत तो तिला शोधायला निघाला.

ती सरांच्या खोलीच्या दाराशी उभी होती. सर तिचा पेपर हातात धरून काहीतरी विचारत होते आणि ती खाली मान घालून ऐकत होती. बाहेर सगळा वर्ग घुटमळत होता.

"आई!"

व्हरांड्यात खरोखरच हत्ती शिरावा तशा सगळ्या माना वळल्या. तो गर्दीतून वाट काढत तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"सर, माझ्या आईला रागावू नका. तिच्या शंकांमुळेच मी पास झालोय."

सरांनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"रागावतोय कुठे? अख्ख्या पेपरात यांची एक चूक नाही. मी एवढंच विचारतोय, की सगळं येत होतं तर रोज हात कशाला वर करत होतात?"

आईनं मुलाच्या खिशातल्या पेनाकडे पाहिलं.

"पुढच्या बाकावर टोपण लागलं, की करायचे."