अकरा भाग सोनं, एक भाग तांबं

"खोटंच आहे हो ते, भाऊ." बाईंनी रुमालाची गाठ सोडली आणि नाणं काउंटरवर ठेवलं. अगदी अलगद, टक् असा आवाजही न करता.

पारख्याने आधी बाईंच्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं, मग नाण्याकडे. एकोणीस वर्षं तो या दुकानात दुसऱ्यांचं सोनं पारखत बसला होता. तेवढ्या काळात सोन्याबद्दलचा त्याचा आदर वाढत गेला होता आणि माणसांबद्दलचा पार आटला होता. त्याच्या मते मालक ढ होता आणि गिऱ्हाइकं महाढ.

"खोटं कुणी सांगितलं, मावशी?"

"धाकट्या दिरांनी. फार हुशार आहेत ते. म्हणाले, वहिनी, सोनं कधी असं तांबूस असतं का? आणि वर लिहिलंय एक औंस, म्हणजे एकतीस ग्रॅम. त्यांच्या दुकानच्या काट्यावर भरलं चौतीस! वजनसुद्धा नीट जमलं नाही म्हणाले बनवणाऱ्याला."

चष्मा पुसायच्या निमित्ताने पारख्याने हसू गिळलं. हुशार दीर! असली नाणी खर्चायला नसतात, साठवायला असतात, हे त्या दिवट्याला कोण सांगणार? खाणीतून निघालेलं सोनं गाळून चोख करतात. पण चोख सोनं मऊ, नुसत्या हाताळण्यानेही झिजायचं. म्हणून टाकसाळीत अकरा भाग सोन्यात एक भाग तांबं मिसळतात. रंग तांबूस होतो तो त्यामुळे. आणि औंस लिहितात तो नुसत्या सोन्याचा. तांब्याचं वजन वेगळं. दिराने खोटेपणाचे म्हणून दिलेले दोन्ही पुरावे खरेपणाचे होते.

त्याने नाणं काट्यावर ठेवलं. चौतीसला किंचित कमी, हवं तेवढंच. जाडी मोजली, रुंदी मोजली. कड कसोटीच्या दगडावर घासून रेघेवर तेजाब टाकलं. रेघ विरली नाही. बावीस कॅरेट.

वाजवून बघायचं तेवढं राहिलं. खरं नाणं फरशीवर टाकलं की खणखणतं. पण खणखणलं असतं तर समोरच्या केबिनमधल्या मालकाने मान वर केली असती, आणि मग नाणं दुकानाचं झालं असतं.

पारख्याला ते स्वतःचं व्हायला हवं होतं. संध्याकाळी सहापर्यंत गाळ्याची रक्कम भरायची होती. स्वतःचा गाळा, वर स्वतःच्या नावाची पाटी! बायकोच्या बांगड्या मोडून आणि होती नव्हती ती शिल्लक काढून निम्मी रक्कम जमली होती. ती डब्याच्या पिशवीत पायाशी होती. उरलेली निम्मी कुठून आणायची, या विचाराने तीन रात्री त्याचा डोळा लागला नव्हता. सहा वाजले की गाळा दुसऱ्याचा.

"दीर बरोबर बोलतात तुमचे," तो गंभीरपणे म्हणाला. "नाणं बनावट आहे. सोनं अगदीच नाही असं नाही, पण निम्मं. बाकी तांबं न् काय काय."

"मग कापूनच बघा ना, भाऊ. मनात शंका नको."

"कशाला? माझी नजर करवतीपेक्षा बरी." कापलेलं नाणं म्हणजे नुसती मोड. अख्ख्याला वरचा भाव मिळतो, हे या बयेला सात जन्मांत कळलं नसतं. "दुकान असलं घेत नाही. तुमच्याकडे बघून मी माझ्या खिशातून घेतो." त्याने हळूच आकडा सांगितला. पिशवीत होता तेवढा, म्हणजे खऱ्या किमतीच्या निम्मा.

बाईंचे डोळे भरून आले. "एवढे? खोट्याचे? नको हो भाऊ, तुम्हाला खोट बसायची. आधी कापून बघा."

"मला शिकवू नका, मावशी. द्यायचं का नाही, बोला."

"मग एवढं लिहून द्या. नाहीतर भाऊजी म्हणतील, वहिनीने खोटं नाणं खरं म्हणून कुणा गरिबाच्या गळ्यात बांधलं. मला तो ठपका नको बाई."

गरीब! पारख्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण कागद त्यालाही सोयीचा होता. उद्या बाईला अक्कल आलीच, तर भांडायला दारात यायची सोय उरणार नव्हती. त्याने दोन प्रती लिहिल्या, वळणदार अक्षरात: नाणं बनावट असल्याचं बाईंनी आधीच सांगितलं, सोन्याची कसलीही हमी दिली नाही, मी स्वतः पारखून माझ्या जबाबदारीवर घेतलं. खाली झोकात सही ठोकली.

पिशवी काउंटरखालून सरकली. बाईंनी दोन्ही हात जोडले. "देव तुम्हाला तुमच्या मनाप्रमाणे देवो."

भोळसट, पारखी मनात म्हणाला.

पाच वाजता तो दोन गल्ल्या पलीकडच्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे पोचला. व्यापाऱ्याने नाणं भिंगाखाली धरलं, मान डोलावली आणि सवयीने फरशीवर टाकलं.

धप्प.

व्यापाऱ्याने एकदा पारख्याकडे पाहिलं आणि खणातून कानस काढली. दहा-बारा फेऱ्यांत कडेचा पिवळा रंग संपला. आतून करडा धातू उघडा पडला आणि त्यावर कानस नुसतीच सरकू लागली.

"टंगस्टन. वजनाला सोन्याच्या तोडीस तोड. वरून बावीस कॅरेटची जाड साल. कारागीर पोचलेला आहे हो! तुम्ही वाजवून नाही बघितलंत?"

पारख्याने वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात सहाला चाळीस मिनिटं बाकी होती.

"पाणी घ्या, पारखीबुवा. घाबरू नका, आत्ता जाऊ पोलिसात. ही सरळसरळ फसवणूक आहे." व्यापाऱ्याने पेन उघडलं. "हं, सांगा. काय सांगून विकलं तिने?"

पारख्याने खिशातला कागद काढला, उघडला, पुन्हा घडी घातली.

"खोटं आहे म्हणून."