उतराल तिथला कायदा

डेल्मरच्या डाव्या पोटरीवरचं पँटचं कापड मिनिटाला अकरा वेळा उडत होतं. आर्लीनने विमानतळावरच्या घड्याळाकडे बघत दोनदा मोजलं. सकाळी घरून निघताना चारच वेळा उडत होतं. मणक्याच्या ऑपरेशननंतर नवऱ्याच्या पायांत असे गोळे येत. जिभेखाली दोन थेंब टाकले की पाऊण तासात ते निवत. पण थेंबांची बाटली आत्ता समोरच्या पोलिसाच्या हातात होती.

"गांजाचं तेल," त्याने बाटलीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचली. "डेल्मर टॉलफसन. दिवसातून तीनदा, दोन थेंब. बाई, हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"असं लिहून कुणी आणत नाही. लोक शांपूच्या बाटलीत भरून आणतात."

शेजारच्या मर्टलनेही तेच सुचवलं होतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत ओत, कोण बघतंय! पण आर्लीनची एकतीस वर्षं रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. आत एक आणि बाहेर दुसरंच लिहिलेली बाटली तिच्या हातून कधी गेली नव्हती, आणि सत्तराव्या वर्षी तिला ती सुरुवात करायची नव्हती.

पोलिसाने डेल्मरचं गांजाच्या औषधाचं परवाना-कार्ड पाहिलं, त्यावरची तारीख पाहिली आणि बाटली परत दिली.

"इथे इलिनॉय राज्यात तुमचं सगळं रीतसर आहे. मी अडवणार नाही. निघालात कुठे?"

"आयडाहो. मुलाकडे."

त्याने ओठ आवळले. "तिथे या कार्डाला कुणी विचारत नाही. तिथे हा सरळ गुन्हा आहे." मग त्याने भिंतीला ठोकलेल्या निळ्या पेटीकडे बोट केलं. "टाकायचं असेल तर त्यात टाका. कुणी काही विचारणार नाही."

"सत्त्याहत्तर वर्षं चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलो," डेल्मर चाकांच्या खुर्चीतून म्हणाला, "आणि शेवटी गांजावाला म्हणून गाजलो."

पोलीस हसला आणि निघून गेला.

पेटीपाशी सुटाबुटातली एक बाई थांबली. तिने डबीतली गांजाची एक गोळी तोंडात टाकली, बाकीची डबी पेटीत सोडली आणि टाचा वाजवत आपल्या विमानाकडे गेली. आर्लीन बाटली मुठीत धरून तिथेच उभी राहिली. मग तिने मुलाला, ट्रॉयला, फोन लावला.

ट्रॉय तिकडे शेरिफच्या हाताखाली पोलीस होता. इकडचं घर बंद करा आणि माझ्याकडे राहायला या, म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. बाबांसाठी त्याने खालची खोली रंगवून घेतली होती, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले होते. आर्लीन दर वेळी म्हणे, एवढा हिवाळा जाऊ दे, मग बघू. आता दोन आठवडे राहून बघायचं आणि काय ते ठरवायचं, म्हणून ही दोघं निघाली होती.

तिने सगळं सांगितलं.

"आई, मी हे ऐकलं नाही."

"मी स्पष्ट बोलले."

"टाक ती बाटली. मी ड्यूटीवरून थेट येतोय तुम्हाला घ्यायला, गणवेशात. इथे डॉक्टर नाहीत का? देतील ना दुसऱ्या गोळ्या."

"दुसऱ्या गोळ्यांवर बाबा दिवसाचे अठरा तास झोपायचे, ट्रॉय. जागे झाले की मला विचारायचे, बाई, तुम्ही कोण?"

"दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"आणि मग? कायमचे आलो की?"

"माझ्यावर का चिडतेस? कायदा मी केलाय का?" ट्रॉयचा आवाज चढला. "गेल्याच महिन्यात हमरस्त्यावर एक गाडी अडवली. त्या बाईकडेही असंच कार्ड होतं, शेजारच्या राज्याचं. मी काय करायचं? एकीला धरायचं आणि एकीला सोडायचं?"

"तिला काय होत होतं?"

"म्हणजे?"

"दुखणं कसलं होतं तिला?"

"ते मी कशाला विचारू? खांदा की काहीतरी. बेड्या पुढून घाला म्हणत होती, हात मागे जात नाही म्हणून."

"मग?"

"मग काय? मागूनच घालतात, आई. तसा नियम आहे."

त्याने हे अगदी सहज सांगितलं. आर्लीनने फोन कानापासून थोडा दूर धरला.

"टाक गं त्या पेटीत," डेल्मर म्हणाला. दोन्ही तळवे त्याने गुडघ्यावर दाबून धरले होते. "दोन आठवडे काढीन मी. पोराचं तोंड तरी दिसेल."

खुर्ची ढकलणारी विमानतळावरची बाई आली. "चला आजोबा, तुम्हाला आधी चढवतात. उशीर नको."

तिने खुर्चीचा ब्रेक सोडला. आर्लीनने वाकून तो पुन्हा लावला आणि फोन कानाशी नेला.

"आई? टाकलीस का?"

"ट्रॉय, तू विमानतळावर येऊ नकोस," ती म्हणाली. "आम्ही तुझ्याकडे राहायला येत नाही. आज नाही, आणि बाबा आहेत तोवर कधीच नाही."