निवेपर्यंत

घरासमोरच्या खांबावरचा सोडियमचा दिवा आठवडाभर पेटत-विझत होता. दुपारी मी शिडी लावली आणि दिवसा पेटावा म्हणून सेन्सरवर माझी टोपी घातली. दिवा मंद पेटला, पिवळाधमक झाला आणि विझला. चोक बदलला, इग्निटर बदलला, पुन्हा तेच. खाली पायरीवर बाबा बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी असलेच दिवे दुरुस्त केले, आता सकाळपासून मलाच “आपण कोण?” विचारत होते. अचानक ते ओरडले, “चिमणे, चोकाच्या मागे काय लागलीस? दिवाच म्हातारा झालाय. तापला की विझतो, निवला की आपोआप पेटतो!” लहानपणीच्या त्या हाकेसरशी मी धडाधड खाली उतरले. “बाबा, ओळखलंत?” त्यांनी मला निरखून पाहिलं. “आपण नवीन वायरमन ना? बसा, जरा दम खा.” नवा दिवा पिशवीतच राहू दिला. त्यांच्याशेजारी बसले, जुना पुन्हा पेटायची वाट बघत.