चित्रातल्या पोरीची तीट

"मावशी, दोरीच्या आत नाही जायचं!" परदेशी चित्रांच्या प्रदर्शनातली पहारेकरीण ओरडली. पण काजळ लागलेलं हौसाक्काचं बोट तोवर चित्रापासून वीतभर अंतरावर पोचलं होतं.

चित्रातली पोर जेमतेम आठ वर्षांची असेल. लांबून बघावं तर गाल असे, की आत्ता खुदकन हसतील. जवळ जावं तर नुसते गुलाबी-पिवळ्या रंगांचे फराटे! ती जादू बघायला हौसाक्का चारदा मागं गेली, चारदा पुढं आली आणि एकटीच फिदीफिदी हसली. मग एकदम तिच्या मनात आलं, दिवसभर शेकडो माणसं टक लावून बघणार, आणि एवढ्या गोड लेकराला साधी तीट नाही? म्हणून तर तिनं आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं.

"अगं, दृष्ट लागंल की!"

"चित्राला?"

"चित्राला न्हवं, पोरीला!" म्हणता म्हणता हौसाक्काची नजर पोरीच्या कानामागं गेली. तिथं चित्रकारानं काळ्या रंगाचा एकच ठिपका दिला होता. "अगं बाई, लावलीया की ह्यानं! शहाणा गडी!" ती जागच्या जागी उडी मारायचीच राहिली. "मला न्हाई बाई कुणी कधी लावली. आत्या म्हणायची, हिला कुणाची दृष्ट लागतीया?"

पहारेकरणीनं तिचं काजळाचं बोट धरून तिला दोरीबाहेर आणलं, आणि तेच बोट हळूच हौसाक्काच्या कानामागं टेकवलं.