जुळा सात

चारशे नाणी बघून झाल्यावर काकूंनी भिंग खाली ठेवलं आणि डोळे चोळायचा मोह आवरला. मोतीबिंदू काढून दोन महिने झाले होते, चोळायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. खिडकीपाशी टेबलावर पसरलेला जुन्या नाण्यांचा ढीग अजून निम्मासुद्धा झाला नव्हता.

नाणं कडेने धरायचं, उजेडाकडे तिरपं करायचं, आधी साल बघायचं. साधं असलं तर डावीकडच्या घमेल्यात. काही वेगळं दिसलं तर उजवीकडच्या फडक्यावर. तीस वर्षं काकू जुन्या नाण्यांच्या दुकानातून किलोवर थैल्या आणून, अशाच निवडून, साधी नाणी परत करत आल्या होत्या. आज फडकं कोरं होतं.

ऑपरेशनच्या आधीची थैली त्यांनी निवडून परत केली, तेव्हा दुकानदाराचा फोन आला होता. बिचारा फार अदबीने बोलला. "काकू, तुम्ही साधी म्हणून बाजूला काढलेल्यांत एक दुर्मीळ निघालं बरं का. म्हटलं कळवावं." कळवलं नसतं तर चाललं असतं. त्या दिवशी काकूंना जेवण गेलं नाही. आता डॉक्टर म्हणत होते की डोळा छान झालाय, पण डॉक्टरांच्या भिंतीवरची अक्षरं केवढी मोठी असतात! म्हणून काकूंनी घरात जाहीर करून टाकलं होतं, की ही एक थैली बघेन. यात काही दिसलं नाही, तर भिंग कपाटात आणि हा नाद बंद.

घरात म्हणजे टेलरकाकांजवळ. त्यांनी तीस वर्षं बायकोच्या या छंदाची मनसोक्त टर उडवली होती. "आमच्याकडे तांदळापेक्षा तांबं जास्त निवडतात," असं ते गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगायचे. नाण्यांना मात्र कधी बोट लावायचे नाहीत. हाताला वास येतो म्हणायचे. आज चहा घेऊन आले, कप टेबलावर ठेवला आणि उगाच ढिगात हात घालून दोनदा ढवळलं.

"अहो, वास येईल ना हाताला!"

"येऊ दे. तू चहा पी आधी, गार होतोय."

एवढं बोलून ते दारापाशी जाऊन उभे राहिले. पलीकडच्या खोलीत शिलाईचं मशीन काही सुरू झालं नाही.

चहा संपवून काकूंनी पुन्हा भिंग उचललं. त्यानंतरचं सातवं की आठवं नाणं असेल. सालातला शेवटचा सात जरा जाड वाटला. त्यांनी नाणं तिरपं केलं. साताला चिकटून आणखी एक सात होता, केसभर सरकलेला. टांकसाळीत ठसा घडवतानाच चूक झाली की असं नाणं निघतं, आणि चूक लक्षात आली की तो ठसा मोडीत जातो. काकू त्याला जुळा सात म्हणायच्या. उभ्या आयुष्यात त्यांना एकच मिळाला होता.

"अहो" म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात सवयीने त्यांनी नाणं फिरवून कड बघितली.

कडेवर एक खाच होती. सुईच्या टोकाएवढी. ती खाच काकूंना पाठ होती. पूर्वी एकदा याच टेबलावर टेलरकाकांच्या हातून कात्री निसटली होती आणि नेमकी काकूंच्या त्या एकुलत्या एक जुळ्या सातावर पडली होती. काकूंनी आठवडाभर अबोला धरला होता.

म्हणजे हे नाणं थैलीतलं नव्हतंच. काकू निवडलेली नाणी पाकिटांत घालून ठेवायच्या, त्या कपाटावरच्या पेटीतलं होतं.

आधी काकूंना राग आला. पोराला खेळात मुद्दाम जिंकू द्यावं, तशी ही तऱ्हा. मग त्यांच्या डोळ्यांसमोर टेलरकाका आले, दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढलेले, शेकडो पाकिटं उचकटून नेमकं हेच हुडकून काढणारे. राग कुठल्या कुठे गेला. डोळे भरून आले. त्यालाही डॉक्टरांची मनाई होती की काय, ते काही आठवेना.

त्यांनी डोळे टिपले आणि नाणं पुन्हा भिंगाखाली धरलं. खाच दिसत होती. जुळ्या सातापेक्षाही बारीक होती, तरी स्वच्छ दिसत होती.

"काय गं? सापडलं वाटतं काही?" दारातून आवाज आला.

"जुळा सात."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" टेलरकाकांचा आवाज नको तेवढा मोठा झाला.

"आता दोन झाले की हो. पेटीतला आणा बरं, शेजारी शेजारी ठेवून बघू."

टेलरकाकांचा चेहरा खर्रकन उतरला. एवढा पुढचा विचार त्यांनी केलाच नव्हता. "आत्ता कशाला? पेटी किती वर आहे. सवडीने काढू." मग ते टेबलाजवळ आले. या खेपेला आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. "ते राहू दे. तुला दिसला ना नीट? खरं सांग."

काकूंनी जुळा सात फडक्यावर ठेवला.

"कात्रीची खाचसुद्धा दिसली," त्या म्हणाल्या.

टेलरकाकांनी रिकामा कप उचलला, आणि तसाच पुन्हा खाली ठेवला. काकूंनी ढिगातली पुढची मूठ स्वतःकडे ओढली.