टंचाईचा नकाशा

त्र्याण्णवच्या मे महिन्यात इंदापूर शहराचा पाणीटंचाईचा नकाशा करायला मला पाठवलं होतं. पाणी असलेली गल्ली हिरवी, नसलेली लाल; टँकर फक्त लाल गल्लीत जाणार होता. शेवटच्या गल्लीत अकरा घरं होती. प्रत्येक घरी मी काही विचारण्याआधीच पाण्याचा तांब्या पुढं यायचा. मी दोन घोट घ्यायचो आणि फॉर्मवर 'पाणी आहे' लिहायचो.

अकराव्या घरी तांब्याला पडलेला पोचा ओळखीचा वाटला.

"हा पहिल्या घरातलाच ना?"

"व्हय," त्या घरच्या बानूबाई म्हणाल्या. "मागच्या दारानं फिरतुया. गल्लीत तेवढंच पाणी हाय. पर दारी आलेल्या मानसाला न्हाय कसं म्हनायचं?"



फॉर्मवर खाडाखोड चालत नव्हती. मी तांब्या रिकामा केला आणि गल्ली हिरवी रंगवली.