जोगणीचं पाय

केरबा नावाडी हातात पितळी परात घेऊन काठावर हुबा हुता. नजर पल्याडच्या बेटावर, जोगणीच्या मूर्तीवर. मधी कृष्णा तांबडीलाल, फुगून घुं घुं करत चाललेली.

रीतच हुती तशी. जोगणीच्या पायाला पाणी लागलं की केरबानं परात बडवायची, आन् खालच्या आळीनं पोरं-ढोरं घेऊन माळ गाठायचा. त्याच्या आज्ज्यानं बडवली, बानं बडवली. जोगणी कवाच चुकली न्हाय.

"आवं, लागलं का पाणी?" दारातनं बायकोनं, शांतव्वानं हाळी दिली. आत तिची म्हातारी आई बाजल्यावर. कमरेपासनं खाली लुळी. तिला माळावर न्यायची म्हंजे बाजल्याला चार गडी पायजेत.

"न्हाय गं. पाय कोरडं खडखडीत हायती. तू भाकरी थाप."

शेजारचा चन्नवीर चिलीम ओढत हसला. "यंदा जोगणी लई झ्याक दिसतीया की गा! रंग काय, चौथरा काय!"

केरबाची छाती फुगली. संस्थान गेलं, नवं साहेब आलं, आन् त्यांनी बेटावर सहलीची जागा काढली. पायऱ्या झाल्या, बाकडी आली. दिवाळीपासनं कोल्हापूरचं पावणं केरबाच्याच नावंतनं जायचं हुतं.

"पाणी! चुलीत पाणी आलं!"

शांतव्वाची किंकाळी ऐकून केरबा गर्रकन वळला. कृष्णेचा पूर मागच्या ओढ्यातनं आळीत शिरला हुता. बघता बघता मांडीला लागला. घरात म्हातारीचं बाजलं तरंगाय लागलं.

"अव्वाला धरा! कोण तरी या की!" शांतव्वा वरडत हुती. पर चार गडी कुठनं यायचं? जो तो आपल्याच घराकडं पळत हुता. चन्नवीरबी पळाला. पळता पळता वरडला, "आरं, परात का न्हाय बडवलीस?"

"पाय कोरडं हायती की रं!"

केरबानं पुन्हा बेटाकडं बघितलं. जोगणी नव्या चौथऱ्यावर, कोरड्या पायानं बसलेली. आन् त्याच्या हातातली परात गळून पाण्यात पडली.

खालच्या खडकावरची जोगणी पावण्यांस्नी नावंतनं दिसली नसती. साहेब म्हणाला हुता, "हिला वर घ्या."

तवा आठ गडी लागलं हुतं. फुडचा खांदा केरबाचा हुता.